जो जोडेल तो आधी चढेल

२ मार्च

आपली सायकल विश्वासाने दुसऱ्याच्या हाती सोपवून तोंडावर आपटलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, ज्यांना ओळखीच्या, जवळच्या, रोज समोर बसून चहा पिणाऱ्या माणसाने दगा दिला, त्या तुम्हा सगळ्यांना उद्देशून मी आज हे लिहितो आहे.

दैनंदिनीत असं कुणी लिहीत नाही, हे मला ठाऊक आहे. बायको म्हणते, "तुम्ही न्हाणीघरात एकटे असलात तरी तुमच्यापुढे माईक असतो." असू दे. डावं गळ्याजवळचं हाड मोडलं आहे, हात गळ्यात बांधला आहे, आणि आज माझं ऐकायला घरात ती एक आणि ताई एक. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तीही आज कुठे खोलीबाहेर येते आहे. मी पडलो याचा तिने फारच धसका घेतलेला दिसतो.

घडलं ते असं. आमच्या घराच्या तळमजल्यावरची गॅरेजची खोली आम्ही क्लबला वर्कशॉप म्हणून दिली आहे. डोंगरातल्या वाटांवर सायकली घालणारे आम्ही लोक, चेन तुटणं आम्हाला नवीन नाही. वर्कशॉप सांभाळतो तो मिस्त्री. पोटासाठी तो लिफ्ट दुरुस्त करतो आणि हौसेसाठी सायकली. त्याची माझी मैत्री इतकी जुनी की भांडणाचे विषयही संपत आले होते. काल संध्याकाळी माझ्या चेनची एक कडी वाकडी झालेली त्याने दाखवली, सायकल स्टँडवर टांगली, कडी काढून टाकली. मग काहीतरी आणावं लागेल असं पुटपुटला आणि गेला.

आज सकाळी मी खाली उतरलो तर सायकल स्टँडवरून उतरवून भिंतीला टेकवलेली, चेन जोडलेली आणि हँडलला चिंधी. वर्कशॉपमध्ये कुणी नव्हतं.

ही चिंधी म्हणजे काय ते सांगतो. आमच्याकडे एक नियम आहे, आणि तो सभेत मीच मांडला होता: जो जोडेल तो आधी चढेल. ज्याने चेन जोडली त्याने ती सायकल मालकाला देण्याआधी स्वतः मागच्या चढावर न्यायची, पेडलवर उभं राहून पूर्ण वजन टाकायचं, वरपर्यंत जाऊन यायचं आणि मगच हँडलला चिंधी बांधायची. घोषणा माझी, चिंधीची कल्पना मिस्त्रीची. चिंधी दिसली की प्रश्न विचारायचा नाही. मी विचारला नाही.

पाणवठ्याच्या वरच्या चढावर मी सीटवरून उठून जोर लावला आणि पायाखालची जमीन गेली. चेन तुटली की पेडल रिकामं फिरतं आणि अंगाचं सगळं वजन हँडलवर येतं. पुढचं चाक वळलं. पुढे खांदा, दगड आणि आभाळ.

दवाखान्यात पिशवीतून फोन काढला तर मिस्त्रीचे मिस्ड कॉल ओळीने. सगळे मी घरून निघाल्यानंतरचे आणि पडण्याआधीचे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

३ मार्च

मिस्त्री आला. खुर्ची दिली तरी उभाच राहिला.

"हाड सरकलंय का नुसतं मोडलंय?"

"ते डॉक्टरला विचार. मी तुला विचारतोय. चेन कोणी जोडली?"

तो खिडकीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "माझ्या स्टँडवर होती. म्हणजे जबाबदारी माझी."

"जोडून चढलास?"

"नाही."

"मग चिंधी?"

यावर त्याने माझ्याकडे नाही, माझ्या मागे, दाराकडे पाहिलं. दारात ताई पाण्याचा पेला घेऊन उभी होती. पेला हिंदकळून पाणी तिच्या पायावर सांडलं.

"चिंधी बांधली गेली," मिस्त्री म्हणाला.

बांधली गेली. वा. राजवाड्यातले खून असेच होतात. विष घातलं जातं, पेला दिला जातो, कुणीच काही करत नाही. जन्मभर इतिहास शिकवला, आता तो माझ्या गॅरेजपर्यंत आला.

तो गेल्यावर ताई म्हणाली, "चुकून झालं असेल रे."

"ताई, चुकून पाय घसरतो. चिंधी चुकून बांधली जात नाही."

ती आत गेली.

५ मार्च

तुटलेली चेन मी टेबलावर वर्तमानपत्रावर ठेवली आहे. हा पुरावा आहे.

बारकाईने पाहिलं. जुनीच पिन बाहेर ढकलून तीच परत आत दाबली आहे. पूर्वीच्या जाड, एका गियरच्या सायकलींना हे चालायचं. या नव्या अकरा गियरच्या चेनला नाही चालत. हिच्या प्लेटा पातळ असतात आणि पिनेची टोकं कारखान्यात दाबून पसरवलेली असतात. एकदा पिन बाहेर आली की ते पसरलेलं टोक कापलं जातं आणि भोकाचं तोंडही सैल होतं. परत दाबली तर वरून अगदी ठाकठीक दिसते. सपाटीवर चालतेसुद्धा. चढावर उभं राहिलात की प्लेट पिनेवरून निसटते. म्हणून एक तर नवी पिन घालायची, नाहीतर दोन भागांत उघडणारी जोडकडी लावायची, आणि तीसुद्धा तितक्याच गियरच्या चेनची. दहाची अकराला नाही. हे मला मिस्त्रीनेच शिकवलं. म्हणजे त्याने जे केलं ते अज्ञानातून नाही.

ताईला हे सगळं समजावून सांगितलं, कारण ती चेनकडे एकटक बघत उभी होती.

"पण बाबा तर तीच पिन परत ठोकायचे," ती म्हणाली. "पूर्ण बाहेर काढायची नाही, बाहेरच्या प्लेटीला लटकत ठेवायची, म्हणजे हरवत नाही."

"बाबांची सायकल म्हणजे रणगाडा होता, ताई. ज्याला आजच्या काळातलं कळत नाही त्याने आजच्या वस्तूला हात लावू नये, आणि ज्याला कळतं त्याने असा लावला तर तो गुन्हेगार."

"गुन्हेगार," ती म्हणाली. नुसता शब्द उचलून पाहिल्यासारखी.

ती चिंधीही जपून ठेवली आहे. मिस्त्री नेहमी निळ्या कापडाच्या चिंध्या बांधतो. ही पिवळी, फुलाफुलांची. वर्कशॉपचं कापडसुद्धा त्याने घेतलं नाही, वाटेत जे सापडलं ते गुंडाळलं. बेफिकिरीलाही काही पातळी असावी. खांदा ठणकतो आहे. ताईने हाताखाली घ्यायला तिच्या पलंगावरच्या दोन उशा आणून दिल्या आहेत, त्याच पिवळ्या फुलांच्या अभ्र्याच्या. त्याशिवाय बसवत नाही. या घरात माया करावी तर ताईनेच.

८ मार्च

क्लबच्या अध्यक्ष बाई दातांच्या डॉक्टर आहेत. त्यांना फोन केला. सतरा तारखेला खालीच सभा घ्यायची ठरली. माझा ठराव: मिस्त्रीकडून वर्कशॉपची किल्ली काढून घ्यावी.

"इतकं टोकाला जायलाच हवं का?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही किडका दात ठेवता का?"

"शक्य असेल तर ठेवते," त्या म्हणाल्या. "काढला की शेजारचे हलतात."

दंतवैद्याला उपमा देऊ नये, हा धडा.

भाषण लिहायला घेतलं. पहिलं वाक्य: 'मित्रहो, शत्रूने तोडलेली चेन जोडता येते.' बायकोला वाचून दाखवलं.

"आणि मित्राने तोडलेली?"

"ते दुसऱ्या वाक्यात आहे."

"मग दुसऱ्या वाक्यावरच थांबा," ती म्हणाली. ती भाजी निवडत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. गेले काही दिवस ती माझ्याशी जपून बोलते आहे. दुखणाईत माणसाला सांभाळून घेत असावी.

ताईचं कोपर सोललं आहे. न्हाणीघरात घसरली म्हणते. गुडघ्यालाही पट्टी आहे. तिला म्हटलं, "आपल्या घराण्यालाच हा महिना वाईट दिसतोय." ती हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. वय झालं की माणूस हळवं होतं.

११ मार्च

आज खिडकीतून एक दृश्य पाहिलं आणि रक्त उसळलं.

मागच्या मोकळ्या मैदानावर मिस्त्री सकाळी सकाळी एका सायकलीमागे धावत होता. एक हात सीटखाली धरलेला, अर्धा वाकलेला, नव्या शिकाऊ माणसामागे धावतात तसा. सायकलवर कोण होतं ते झाडांमुळे दिसलं नाही. मधूनच त्याचा आवाज येत होता, "पुढे बघा, खाली नका बघू, चाक कुठे जात नाही."

माझं हाड अजून सांधलं नाही आणि यांनी नवा शिष्य धरला. ज्या हातांनी मला पाडलं त्या हातांवर उद्या दुसरं कुणी भरवसा ठेवणार.

आणखी एक. खाली जाऊन पाहिलं तर अडगळीतली माझी जुनी सायकल कुणीतरी बाहेर काढली आहे आणि तिची सीट पार खाली केली आहे. माझ्या उंचीची खूण होती त्या दांडीवर. न विचारता. माझ्याच घरात. ताईला सांगावं म्हटलं तर ती नेमकी फिरायला गेलेली. हल्ली सकाळी बूट घालून फिरते. चांगली गोष्ट आहे.

१४ मार्च

ताई दुपारी माझ्या खोलीत येऊन बसली. हातात काही नव्हतं. ताई हातात काही नसताना बसलेली मी फार कमी वेळा पाहिली आहे.

"तुझ्याशी बोलायचंय. त्या चेनबद्दल."

"तुला त्याची कीव येते, हे मला कळतं," मी म्हणालो. "पण ऐक. समाज कायद्याने चालत नाही, भरवशावर चालतो. पुलावर पाऊल टाकताना आपण इंजिनिअरचं सर्टिफिकेट बघतो का? लिफ्टमध्ये शिरताना दोर तपासतो का? भरवसा मोडणारा एकट्याला पाडत नाही, तो..."

"अरे, ऐकशील का?"

"...तो सगळ्यांच्या पायाखालची फळी काढतो. त्याने निदान कबूल करावं. समोर येऊन म्हणावं, मी जोडली, मी चढलो नाही, नियम मोडला. पण नियम पाळायची तयारी नसलेल्याच्या कबुलीला तरी काय किंमत?"

ती खिडकीतून मागच्या चढाकडे बघू लागली.

"म्हणजे आधी चढायला हवं," ती म्हणाली.

"अगदी बरोबर."

"मग सतरा तारखेपर्यंत थांब."

"मी थांबलोच आहे."

ती उठली. तिच्या नखांत काळं ग्रीस होतं. शिलाई मशीनला तेल घातलं असणार.

या घरात माझं म्हणणं नेमकं पकडणारं एकच माणूस आहे, असं वाटून बरं वाटलं.

१७ मार्च, संध्याकाळ

क्रमाने लिहितो, नाहीतर लिहिणं होणार नाही.

वर्कशॉप भरलं होतं. मिस्त्री अवजारांच्या फळीला टेकून उभा होता, हाताची घडी, किल्ली गळ्यातल्या दोरीत. मी उभा राहिलो. एका हाताने भाषण करणं अवघड असतं, पण लोकांना जखमी वक्ता आवडतो. टेबलावर तुटलेली चेन ठेवली आणि शेजारी पिवळी चिंधी. म्हणालो, चेन लोखंडाची असते, ती खोटं बोलत नाही. खोटं बोलली ती ही चिंधी. आणि जो माणूस खोट्याची गाठ मारू शकतो त्याच्या गळ्यात आपल्या वर्कशॉपची किल्ली शोभत नाही.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अध्यक्ष बाईंनी मिस्त्रीला विचारलं, "तुम्हाला काही म्हणायचंय?"

"नाही."

"मग हात वर करून..."

"थांबा," मागून आवाज आला. ताई होती. बाहेर, दाराशी, माझी जुनी सायकल धरून.

सायकल ती आत घेऊन आली. तिची चेन काढलेली होती आणि ताईच्या खांद्यावर टाकलेली होती. साडेपाच फुटांच्या क्लबात पाच फुटांची बाई, पायांत बूट, नाकावर वाचायचा चष्मा. माझी पहिली प्रतिक्रिया लिहायला हवी: मला वाटलं ती माझ्या बाजूने साक्ष द्यायला आली.

"याच्या सायकलीची चेन मी जोडली होती," ताई म्हणाली. "रविवारी सकाळी. हे मिस्त्री दुकानात बरोबर मापाची जोडकडी आणायला गेले होते. मी खाली झाडायला आले तर चेन लोंबत होती आणि पिन अर्धी बाहेर. बाबांच्या सायकलीची मीच जोडायचे. म्हटलं, त्यांचं काम हलकं होईल. झालेल्या सायकलींना चिंधी असते एवढं पाहिलं होतं, म्हणून उशीच्या अभ्र्याची पट्टी होती ती बांधली. चढून बघायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं. हे परत आले तेव्हा तू निघून गेला होतास. फोनवर फोन केले यांनी."

मिस्त्री तिला थांबवायला फळीपासून पुढे आला.

"त्याच दिवशी सांगणार होते. यांनीच अडवलं, म्हणाले माझ्या स्टँडवर होती, मी बघतो. मग नियम कळला म्हणून यांच्याकडे सायकल शिकायला लागले, आणि तुला सांगायला आले तेव्हा तू म्हणालास, चढण्याची तयारी नसेल तर कबुलीला किंमत नाही. मला अजून चढ चढता येत नव्हता. म्हणून थांबले."

मग तिने काम सुरू केलं. कुणाशी बोलत नव्हती, पण हात करतील ते तोंडाने म्हणत होती, पाठ केलेलं म्हटल्यासारखं. चेन मागच्या चक्रावरून, लहान दातेरी चाकांमधून ओवली. दोन्ही टोकं ताणून हातातून सुटू नयेत म्हणून वाकवलेल्या जुन्या तारेचा आकडा दोन्हीकडे अडकवला. "बोटं चक्रापासून लांब," ती म्हणाली, "कुणी पेडल फिरवायचं नाही." जोडकडीचं पाकीट डोळ्यांजवळ धरून गियरचा आकडा वाचला, मग पुन्हा वाचला. दोन अर्धे दोन बाजूंनी घातले, तारेचा आकडा काढला, पेडल मागे फिरवून ती कडी वरच्या बाजूला आणली. मागचा ब्रेक घट्ट दाबला आणि बुटाने पेडलवर जोर दिला. कट असा आवाज झाला. ती खाली वाकून दोन्ही बाजूंनी नीट बसली का ते पाहत राहिली. कडी दोन बोटांत धरून वाकवून पाहिली, अडत नव्हती.

"आता चढते," ती म्हणाली.

"ताई," मी म्हणालो, "या वयात..."

"तू बस."

सगळे मागच्या दाराने बाहेर आले. मिस्त्रीने सीट धरायला हात पुढे केला. तिने मान हलवून नको म्हटलं. पहिल्याच पेडलला सायकल डावीकडे गेली आणि तिचा पाय जमिनीवर आला. कुणीतरी दीर्घ श्वास घेतला. दुसऱ्यांदा ती निघाली. नागमोडी, फार हळू, इतकी हळू की माणूस चालत पुढे जाईल. चढ सुरू झाला तिथे ती सीटवरून उठली. मी तिच्या पाठीकडे बघत होतो आणि माझं हाड, हे मोडलेलंच हाड, ठणकत होतं. आत्ता तुटली तर, एवढंच डोक्यात होतं. चेन तुटली नाही. वर जाऊन ती थांबली, उतरली आणि सायकल हातात धरून चालत खाली आली, कारण उतारावर ब्रेक कसा सोडायचा ते अजून शिकायचं होतं.

आत येऊन टेबलावरची पिवळी चिंधी तिने उचलली आणि हँडलला बांधली.

"आता घ्या मत," ती अध्यक्ष बाईंना म्हणाली.

मत घेतलं गेलं नाही. अध्यक्ष बाईंनी चष्मा पुसला. मिस्त्रीने गळ्यातली किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. ठराव पास न होता अमलात आला. इतिहासात अशी उदाहरणं आहेत.

१८ मार्च

मला फसवण्यात आलं. हे मी खोडणार नाही. मिस्त्री खोटं बोलला. ताई गप्प राहिली. आणि बायकोला सगळं ठाऊक होतं. कोपरावर पट्टी तिनेच लावली होती.

"मला का नाही सांगितलंत?" मी तिला विचारलं.

"ताईंनी शपथ घातली होती. आणि तुम्ही भाषण लिहीत होतात," ती म्हणाली. "मध्ये बोललेलं तुम्हाला आवडत नाही."

मग ताईकडे गेलो. ती अभ्र्याला नवी पट्टी शिवत होती.

"मी तुला काय केलं होतं, ताई, की तू माझ्यापासून लपवावंस?"

"काही नाही केलंस."

"मग?"

"मी सांगायला आले होते. तू पुलाचं बोलत होतास." तिने दोरा दातांनी तोडला. "तुला बाबांनी सायकल शिकवली ते आठवतं का?"

आठवतं. अगदी स्पष्ट आठवतं. घरासमोरचा रस्ता, सीटमागे बाबांचा तळहात, मग तो हात नाही हे कळल्यावर मारलेली हाक.

"आणि मी कुठे होते?"

मी आठवून पाहिलं. रस्ता आहे, बाबा आहेत, सायकल आहे. त्यात ताई कुठे दिसत नाही.

"कट्ट्यावर होते," ती म्हणाली. "हातात पाना आणि पिनांची डबी. तुझी चेन पडली की मी लावायची." रागाने नाही म्हणाली. भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाली.

मी चौकात, सभागृहात, वर्गात समतेवर किती बोललो असेन. लोकांनी टाळ्या दिल्या. ताईही पहिल्या रांगेत बसून द्यायची.

मिस्त्रीकडे गेलो. दार त्याने उघडलं, पण आत ये म्हणाला नाही.

"किल्ली," मी ती पुढे केली.

"भाषण आणलंस का सोबत?"

"नाही."

"आज प्रकृती बरी नाही वाटतं," तो म्हणाला. किल्ली घेतली नाही. "तू माझं ऐकलं असतंस, तर मी त्या दिवशीच खरं बोललो असतो, वक्ते. पण तुझ्यापुढे खरं बोलायलाही सभा लागते." आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

किल्ली माझ्या खिशात आहे. उद्या परत जाईन. परवाही.

फसवणूक मला अजून सलते आहे. रात्रीत कुणी संत होत नाही. पण घरी येताना मागच्या मैदानावर ताई माझ्या जुन्या सायकलवर एकटी गोल गोल फिरत होती. उताराकडे वळायची, घाबरायची, परत यायची. मी एका हाताने सीट धरायला धावलो तर म्हणाली, "तू नको, पडशील."

तेव्हा विश्वासाने पडलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, पहिल्या पानावर मी तुम्हाला हाक मारली होती. तेव्हा तुमच्याकडून मला संताप हवा होता. आता एवढंच मागतो. उद्या सकाळी तुमच्या घरातली सायकल बाहेर काढा. चेन तपासा, जोडली असेल तर आधी स्वतः चढून या. आणि मग पाना घ्या, आणि तुमच्या घरात जी कधीच सायकलवर बसली नाही तिच्या उंचीला सीट खाली करा.